रुग्णनोंदींची मालकी आणि मुक्तस्रोत संगणकप्रणाली
शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागात शिरूर आणि दौंड हे दोन तालुके भीमा नदीच्या दोन अंगांस पसरलेले आहेत. शिरूर हे घोड नदीच्या काठी, पुण्याहून अहिल्यानगरला जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले गाव. तर दौंड हे भीमेकाठचे महत्त्वाचे रेल्वे जंक्शन. एकीकडे रांजणगावची आणि दुसरीकडे कुरकुंभची औद्योगिक वसाहत, दोन्हीकडे उसाची शेती आणि साखर कारखाने, यांमुळे या परिसरात माणसांची ये-जा अखंड चालू असते. गळिताच्या हंगामात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि हंगाम संपताच परत जातात. कारखान्यांत परप्रांतीय कामगार आहेत. नदीच्या दोन तीरांवर सोयरसंबंध आहेत, बाजारहाट आहे, नोकरीधंदा आहे.

ही ये-जा ध्यानात घेतली म्हणजे आरोग्यव्यवस्थेपुढील एक साधा पण अवघड प्रश्न समोर येतो. रुग्ण नदी ओलांडतो. त्याची नोंद मात्र अलीकडच्या तीरावरच राहते. सपाट प्रदेशात साधारणतः पाच हजार लोकवस्तीस एक उपकेंद्र, तीस हजारांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यावर तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय अशी सरकारी रचना आहे. दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे. त्यापुढे गंभीर रुग्णास पुण्याच्या ससून रुग्णालयाची वाट धरावी लागते. या प्रत्येक पायरीवर, शिवाय वाटेतील प्रत्येक खासगी दवाखान्यात, रुग्णाचा नवा केसपेपर निघतो आणि त्याची कहाणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. या कहाणीचे धागे जोडण्यासाठी संगणकाचा, आणि त्यातही मुक्तस्रोत संगणकप्रणालींचा, उपयोग कितपत होऊ शकेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एकटा आकडा आणि आकड्यांची रांग

नोंदीचे मोल काय, हे समजण्यासाठी एक कल्पित परंतु आपल्याकडे सहज घडू शकेल असे उदाहरण घेऊ. शिरूर तालुक्यात सासर असलेली एक तरुणी पहिलटकरीण आहे. तिसऱ्या महिन्यात सासरच्या गावी उपकेंद्रात तिचा रक्तदाब १०४/६६ भरला. पाचव्या महिन्यात तो ११८/७४ होता. पहिले बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे सातव्या महिन्यात ती दौंड तालुक्यातील माहेरी आली. तेथील दवाखान्यात रक्तदाब १३८/८८ आढळला. गरोदरपणातील उच्च रक्तदाबाची रूढ मर्यादा १४०/९० ही आहे. म्हणजे हा आकडा अद्याप मर्यादेच्या आतच आहे. गर्दीच्या वेळी डॉक्टर तिला पुढील महिन्यात या असे सांगतील, तर त्यात नवल नाही.

पण हेच तीन आकडे एका ओळीत मांडलेले असते तर? एवढी चढण पाहून कोणताही जाणता डॉक्टर लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घेईल, डोकेदुखी, अंधारी, सूज यांची विचारपूस करील आणि महिन्याने नव्हे तर काही दिवसांतच तिला पुन्हा बोलावील. एकटा आकडा मुका असतो. आकड्यांची रांग बोलू लागते. गरोदरपणातील रक्तदाबाचा विकार वेळेवर ओळखला गेला नाही तर झटके येऊन माता आणि बालक दोघांच्याही जिवावर बेतू शकते. म्हणजे येथे प्रश्न कागदपत्रांच्या टापटिपीचा नसून प्राणांचा आहे.

या तरुणीजवळ माता व बाल संरक्षण कार्ड असेल आणि तिने ते बरोबर आणले असेल, तर हा धोका पुष्कळ अंशी टळतो. रुग्णाच्या स्वतःच्या हाती असलेले हे साधे पुठ्ठ्याचे कार्ड म्हणजे आपल्या आरोग्यव्यवस्थेतील अत्यंत उपयुक्त नोंद होय, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. संगणकाने त्या कार्डाची जागा घ्यावयाची नसून, कार्ड विसरले, भिजले वा हरवले तरी कहाणी तुटू नये याची तजवीज करावयाची आहे.

चांगली नोंद कशास म्हणावे?

वैद्यकीय नोंद म्हणजे केवळ औषधांची यादी नव्हे. अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये या विषयावर महत्त्वाचे लेखन केले. नोंद ही रुग्णाच्या समस्यांभोवती रचलेली असावी, असा त्यांचा आग्रह होता. रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय आढळते, त्यावरून डॉक्टरांचा निष्कर्ष काय आणि पुढील योजना कोणती, ही चार अंगे प्रत्येक भेटीच्या नोंदीत स्वतंत्रपणे यावीत, ही पद्धत त्यातूनच रूढ झाली. अशी नोंद दुसऱ्या डॉक्टरला वाचता येते आणि पहिल्या डॉक्टरने अमुक निर्णय का घेतला हेही समजते.

आपल्याकडे वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेसंबंधीच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे आणि रुग्णाने मागितल्यास त्या बहात्तर तासांच्या आत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असेही त्याच विनियमांत सुचविले आहे. तथापि, गावोगावच्या दवाखान्यांतील बहुसंख्य रुग्ण बाह्यरुग्ण असतात. त्यांची नोंद पुष्कळदा एका चिठ्ठीवर उतरते आणि ती चिठ्ठी औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन संपते.

वढूचा धडा

नोंद ठेवण्याचे शास्त्र शिकावयाचे तर या परिसराला दूर जाण्याची आवश्यकता नाही. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधिस्थळामुळे सर्वपरिचित आहे. याच गावी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले. गावातीलच स्त्रीपुरुषांना प्राथमिक आरोग्यसेवेचे शिक्षण द्यावे आणि रुग्णालयाने गावापर्यंत जावे, ही त्यामागील दृष्टी होती. डॉ. कोयाजी यांना १९८९ मध्ये पद्मभूषण आणि १९९३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार लाभला.

के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ मध्ये वढू परिसरात लोकसंख्या व आरोग्य यांची अखंड पाहणी करणारी पद्धत सुरू केली. शिरूर आणि हवेली या तालुक्यांतील बावीस गावे तिच्या कक्षेत आली. घरोघर ठराविक काळाने पुन्हा पुन्हा जावयाचे, आणि जन्म, मृत्यू, गावात आलेले व गावातून गेलेले यांची नोंद करावयाची, असे या कामाचे स्वरूप आहे. मृत्यूचे वैद्यकीय कारण लिहिलेले नसेल तेथे घरच्या मंडळींकडे पद्धतशीर चौकशी करून ते निश्चित करण्याचा प्रयत्न केला जातो. आफ्रिका आणि आशिया खंडांतील अशाच केंद्रांच्या ‘इनडेप्थ’ या आंतरराष्ट्रीय जाळ्यात वढूचा समावेश झाला.

ही पद्धत लोकसंख्येची पाहणी आहे. दवाखान्यातील उपचारांची नोंद नव्हे. हा भेद ध्यानात ठेवूनही तिच्यापासून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, ओळख ही नावावर नव्हे तर क्रमांकावर उभी करावी. दुसरी, स्थलांतर हा अपवाद मानू नये. तो नित्याचा व्यवहार समजूनच नोंदीचा नमुना आखावा. कारखानदारी वाढत असलेल्या सणसवाडी-कोरेगाव भीमाच्या पट्ट्यात हे विशेषच खरे आहे. आणि तिसरी, नोंद टिकते ती यंत्रामुळे नव्हे, तर पुन्हा पुन्हा दाराशी जाणाऱ्या आणि चूक आढळल्यास ती दुरुस्त करणाऱ्या माणसांमुळे.

कार्यक्रमाची नोंद आणि माणसाची नोंद

आरोग्य केंद्रात संगणक नाहीत असे आता म्हणता येणार नाही. क्षयरुग्णांसाठी ‘निक्षय’ ही देशव्यापी प्रणाली २०१२ पासून आहे. माता-बालकांच्या सेवांची नोंद वेगळ्या प्रणालीत होते, मधुमेह-रक्तदाबाची आणखी वेगळ्या. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’मुळे दूरस्थ वैद्यकीय सल्लाही मिळू लागला आहे. या सर्व प्रणालींचे कार्य महत्त्वाचे आहे. निक्षयमुळे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या क्षयरुग्णाचा माग ठेवणे शक्य झाले, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु यातील बहुतेक प्रणाली एकेका कार्यक्रमाच्या दृष्टीने रचलेल्या आहेत. माणूस मात्र रोगांच्या कप्प्यांत विभागून जगत नाही. एकाच व्यक्तीस मधुमेह असतो, त्यातच क्षय जडतो आणि ती व्यक्ती गरोदरही असू शकते. मधुमेहामुळे क्षयाची शक्यता वाढते, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. पण ही दोन दुखणी दोन प्रणालींत विखुरलेली असली तर समोर बसलेल्या डॉक्टरला त्यांचे नाते एका दृष्टिक्षेपात कसे दिसावे? शिवाय एकच माहिती तीन-चार ठिकाणी भरण्याचा भार परिचारिकेवर पडतो तो वेगळाच. दवाखान्याची स्वतःची, माणसाभोवती रचलेली नोंद हवी ती यासाठी.

मुक्तस्रोत म्हणजे काय?

अशी नोंद ठेवणाऱ्या संगणकप्रणाली बाजारात पुष्कळ मिळतात. मग मुक्तस्रोत प्रणालीचेच वैशिष्ट्य कोणते? संगणकास कोणते काम कसे करावयाचे हे सांगणाऱ्या आज्ञांच्या मूळ लेखनास मूळ संहिता म्हणतात. सामान्यतः विक्रेता ही संहिता स्वतःजवळ राखून ग्राहकास केवळ वापरण्याचा परवाना देतो. मुक्तस्रोत प्रणालीत ही संहिता सर्वांस खुली असते. ती कोणत्याही कामासाठी वापरण्याची, अभ्यासण्याची, गरजेनुसार बदलण्याची आणि इतरांस देण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी सुरू केलेली ग्नू चळवळ आणि १९९१ मध्ये अवतरलेली लिनक्स प्रणाली ही या विचाराची ठळक उदाहरणे होत. भारत सरकारनेही २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

शेतकऱ्यास हा भेद चटकन उमगेल. घरचे बियाणे राखता येते, पारखता येते, शेजाऱ्यास देता येते. संकरित बियाण्यासाठी मात्र दर हंगामात दुकानाची पायरी चढावी लागते. घरच्या बियाण्याला कष्ट पडत नाहीत असे मुळीच नाही. ते निवडावे लागते, वाळवावे लागते, किडीपासून जपावे लागते. मुक्तस्रोत प्रणालीचेही तसेच आहे. परवान्याचे मूल्य नसते. पण उभारणी, शिक्षण आणि देखभाल यांचा खर्च असतोच. ‘मुक्त’ याचा अर्थ ‘फुकट’ असा करून जो तिच्याकडे वळेल, त्याची निराशा होण्याचा संभव आहे.

खरा लाभ आहे तो मालकीचा. विक्रेत्याने व्यवसाय बंद केला, दर वाढविले किंवा जुन्या प्रणालीचा आधार काढून घेतला, तर बंदिस्त प्रणालीतील वर्षानुवर्षांच्या नोंदी वाचण्याजोग्या राहतीलच याची शाश्वती नसते. वीस वर्षे चाललेल्या दवाखान्याचे वीस वर्षांचे रुग्ण एका कुलपाआड जातात आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती असते. मुक्तस्रोत प्रणालीत माहिती कोणत्या रचनेत साठविली आहे हे खुले असल्यामुळे दुसरा जाणकार तंत्रज्ञ ती बाहेर काढू शकतो. मधुमेहासारख्या जन्माच्या सोबत्याची नोंद ठेवावयाची असेल, तर ती नोंद विक्रेत्याहून दीर्घायुषी असली पाहिजे.

केनियातून छत्तीसगडमार्गे

या क्षेत्रातील सर्वाधिक परिचित मुक्तस्रोत प्रणालींपैकी ‘ओपन एमआरएस’ ही एक होय. तिची पूर्वपीठिका आपल्या दृष्टीने उद्बोधक आहे. पश्चिम केनियातील मोसोरिओट या गावी, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी तुलना करता येईल अशा एका ग्रामीण केंद्रात, २००१ मध्ये साधी संगणकीय नोंदप्रणाली सुरू झाली. एल्डोरेट येथील मोई विद्यापीठ आणि अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठ यांचे हे सहकार्य होते. पुढे त्या भागात एचआयव्हीबाधितांवरील उपचारांचा विस्तार झाला आणि रुग्णसंख्या झपाट्याने वाढली, तेव्हा जुनी रचना अपुरी पडू लागली. २००४ मध्ये डॉ. बर्क मॅमलिन आणि डॉ. पॉल बायोंडिच यांनी नव्या रचनेचा पाया घातला. पेरू देशात क्षयरुग्णांच्या नोंदींचे काम केलेले डॉ. हॅमिश फ्रेझर आणि त्यांची ‘पार्टनर्स इन हेल्थ’ ही संस्था त्यांना येऊन मिळाली. २००६ मध्ये केनिया आणि रुवांडा येथे ही प्रणाली प्रत्यक्ष वापरात आली आणि पुढे अनेक देशांत पोचली.

भारतात तिला नवे रूप मिळाले ते छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात. गनियारी येथील ‘जन स्वास्थ्य सहयोग’ या संस्थेच्या रुग्णालयात जंगलपट्टीतील गरीब रुग्ण दूरदूरवरून येतात. तेथे केवळ डॉक्टरांच्या टिपणांची नोंद पुरेशी नव्हती. प्रयोगशाळा, औषधसाठा आणि हिशेब हेही एका सूत्रात गुंफणे आवश्यक होते. २०१३ च्या सुमारास ‘थॉटवर्क्स’ या कंपनीच्या तंत्रज्ञांनी या रुग्णालयाची गरज समोर ठेवून ‘बाह्मनी’ ही प्रणाली घडविली. रुग्णनोंदींसाठी ओपन एमआरएस, प्रयोगशाळेसाठी ‘ओपन एलिस’ आणि औषधसाठा व देयकांसाठी ‘ओडू’ अशा तीन मुक्तस्रोत प्रणालींची मोट तिच्यात बांधलेली आहे. तयार घटक खुले नसते, तर एका धर्मादाय ग्रामीण रुग्णालयास ही जोडणी परवडली नसती.

येथे तारतम्य बाळगणे अगत्याचे आहे. बाह्मनी ही मुख्यतः रुग्णालयाच्या आवाक्याची प्रणाली आहे. प्रयोगशाळा, औषधभांडार आणि अनेक डॉक्टर असलेल्या संस्थेस ती शोभेल. तळेगाव ढमढेरे किंवा केडगावसारख्या गावातील एका डॉक्टरच्या दवाखान्यास ती जड होण्याचा संभव आहे. लहान दवाखान्यासाठी २००२ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध असलेल्या ‘ओपन ईएमआर’सारखी तुलनेने आटोपशीर प्रणाली पाहता येईल. गावच्या विहिरीवर बसवावयाचा पंप धरणावर बसवीत नाहीत, आणि उलटही करीत नाहीत.

नोंदीची अंतर्गत रचना

ओपन एमआरएसच्या रचनेतील एक कल्पना विशेष अभ्यसनीय आहे. या प्रणालीच्या केंद्रस्थानी एक संज्ञाकोश असतो. ‘रक्तदाब’, ‘हिमोग्लोबिन’, ‘खोकला किती दिवस’ अशी प्रत्येक विचारणा आणि तिची संभाव्य उत्तरे या कोशात एकेक संज्ञा म्हणून नोंदलेली असतात. रुग्णाची प्रत्येक भेट म्हणजे अशा संज्ञांपुढे लिहिलेल्या निरीक्षणांचा संच. त्यामुळे उद्या दवाखान्यास नवी विचारणा करावीशी वाटली, तर प्रणाली मोडून पुन्हा बांधावी लागत नाही. कोशात एका संज्ञेची भर घातली म्हणजे काम होते. कुरकुंभच्या रसायन कारखान्यांतील कामगारांना श्वसनाच्या तक्रारींविषयी काही विशेष प्रश्न विचारावयाचे असतील, किंवा ऊसतोड मजुरांसाठी ‘मूळ गाव’ आणि ‘परतण्याचा महिना’ यांची नोंद हवी असेल, तर ती स्थानिक पातळीवरच करता येते.

मात्र प्रत्येक दवाखान्याने स्वतःचाच कोश रचला, तर एकाची नोंद दुसऱ्यास कळणार नाही. यासाठी समान मानकांची आवश्यकता असते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींची मानके २०१३ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१६ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती काढली. वैद्यकीय संज्ञांच्या ‘स्नोमेड सीटी’ या आंतरराष्ट्रीय कोशाचा भारत २०१४ पासून सदस्य असून त्यामुळे तो आपल्या देशात विनामूल्य वापरता येतो. या मानकांसंबंधी मार्गदर्शन करणारे राष्ट्रीय केंद्र पुण्यातच, सी-डॅक या संस्थेत आहे. शिरूर-दौंडच्या दवाखान्यांना ही जवळीक लाभदायक ठरावी.

नाव, गाव आणि ओळख

नोंदीचा सर्वांत नाजूक सांधा म्हणजे ओळख. आधीच्या उदाहरणातील तरुणी सासरी पतीच्या नावाने व आडनावाने ओळखली जाते. माहेरच्या दवाखान्यात तिची नोंद वडिलांच्या नावाने होण्याची शक्यता असते. काही घरांत लग्नात मुलीचे पहिले नावही बदलतात. म्हणजे नाव, मधले नाव आणि आडनाव हे तिन्ही बदलू शकतात. त्यात भर रोमन लिपीची. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव त्या लिपीत कोणी ‘द’पासून लिहितो, तर कोणी ‘ग’पासून. एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे चार जण असणे हेही नवलाचे नाही. वयाबद्दल तर बोलावयासच नको.

यास्तव पहिला नियम असा की नाव देवनागरीतही नोंदवावे. आधुनिक संगणकांत युनिकोडमुळे त्यात अडचण उरलेली नाही. दुसरा, दवाखान्याने स्वतःचा कायम क्रमांक द्यावा आणि तो रुग्णाच्या कार्डावर ठळक लिहावा. तिसरा, नवी नोंद उघडण्यापूर्वी जुनी शोधण्याची सवय नोंदणी खिडकीवरील व्यक्तीस लावावी; माहेरचे नाव, मोबाइल क्रमांक, गाव यांपैकी कशावरूनही शोध घेता आला पाहिजे. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक हा या प्रश्नावरील राष्ट्रीय तोडगा आहे. तो ऐच्छिक असून, रुग्णाच्या संमतीने एका संस्थेतील नोंद दुसऱ्या संस्थेस पाहता यावी ही त्यामागील योजना आहे. तथापि क्रमांक हा केवळ धागा होय. ओवावयाचे मणी, म्हणजे प्रत्यक्ष नोंदी, दवाखान्यातच तयार व्हावयास हव्यात.

वीज, यंत्र आणि माणूस

ग्रामीण भागात विजेचा आणि जोडणीचा खंड गृहीत धरूनच योजना आखली पाहिजे. सर्व माहिती दूरच्या यंत्रावर ठेवणारी प्रणाली जोडणी तुटताच अंध होते. बाह्मनीसारखी प्रणाली दवाखान्यातीलच एका मुख्य संगणकावर बसवून अंतर्गत जाळ्यावर चालविता येते. बाहेरची जोडणी नसली तरी ओ.पी.डी. थांबत नाही. मुख्य संगणकास इन्व्हर्टरचा आधार आणि काम ठप्प झाल्यास हाती घेण्यासाठी छापील नमुने, ही तयारी नेहमी ठेवावी.

दररोज नोंदींची प्रत काढणे आणि ती दवाखान्याबाहेर, कुलूपबंद संकेतात जपणे अनिवार्य आहे. पण प्रत काढली म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. त्या प्रतीवरून नोंदी प्रत्यक्षात पुन्हा उभ्या राहतात की नाही, याची चाचणी काही महिन्यांनी घेतली पाहिजे. चाचणी न घेतलेली प्रत म्हणजे न उघडून पाहिलेले धान्याचे पेव होय.

सर्वांत मोठा प्रश्न आहे तो माणसाचा. डॉक्टरसमोर रांग लागलेली असता त्याने रुग्णाकडे पाहावे की पडद्याकडे? नोंद भरण्यास लागणारा प्रत्येक अधिक मिनिट हा रांगेतील दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचा असतो. म्हणून सुरुवातीस अत्यावश्यक तेवढीच माहिती घ्यावी. वजन, रक्तदाब आणि साखर यांची नोंद परिचारिकेने रुग्ण आत जाण्यापूर्वीच करावी. जी माहिती कोणीही कधी वाचणार नाही, ती भरावयास लावू नये. जिला आपण भरलेल्या आकड्यांचा उपयोग दिसतो, ती परिचारिका ते आकडे काळजीने भरते. महिन्याअखेरीस ‘रक्तदाबाच्या गोळ्या घेण्यास न आलेल्यांची यादी’ तिच्या हाती पडली आणि तीवरून आशा कार्यकर्तीने चार घरांची दारे ठोठावली, तर प्रणालीचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

गोपनीयतेची जबाबदारी

नोंद सहज वाचता येऊ लागली की ती नको त्यालाही वाचता येण्याचा धोका निर्माण होतो. लहान गावात तर हा धोका अधिक. कारण तेथे सर्वच सर्वांना ओळखतात. एचआयव्ही, क्षय, मानसिक आजार, गर्भपात यांविषयीची माहिती बाहेर फुटली तर रुग्णाचा संसार उद्ध्वस्त होऊ शकतो. एचआयव्हीबाधितांच्या गोपनीयतेचे रक्षण करणारा कायदा २०१७ मध्ये संमत झाला, तर वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा व्यापक कायदा २०२३ मध्ये संमत झाला.

यासंबंधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. मूळ संहिता खुली असते याचा अर्थ रुग्णांची माहिती खुली असते, असा नाही. कुलपाची घडण सर्वांना ठाऊक असली तरी किल्ली ज्याची त्याच्याकडेच असते. उलट घडण उघड असल्याने तिच्यातील उणिवा अनेकांच्या नजरेस येऊ शकतात. मात्र किल्ली जपण्याची जबाबदारी दवाखान्याची आहे. एकच परवलीचा शब्द सर्वांनी वापरणे आणि तो भिंतीवर लिहून ठेवणे, हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. प्रत्येकास स्वतंत्र प्रवेश, कामापुरताच अधिकार आणि कोणी कोणती नोंद केव्हा पाहिली याची आपोआप होणारी नोंद, ही व्यवस्था असावीच.

आरंभ कसा करावा?

ज्या दवाखान्यांना या दिशेने पाऊल टाकावयाचे आहे, त्यांनी पुढील क्रम ध्यानात ठेवावा.

१. प्रथम कागदावरील नोंद सुधारावी. ज्या दवाखान्यात कागदी केसपेपर धड नाही, तेथे संगणक त्याच गोंधळाची गती वाढवितो.

२. एकाच कामापासून सुरुवात करावी. गरोदर माता किंवा मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण हा योग्य आरंभ ठरेल. कारण हे रुग्ण पुन्हा पुन्हा येतात आणि आकड्यांच्या रांगेचा लाभ लवकर दिसतो.

३. प्रणाली निवडताना मूळ संहितेचा परवाना, देवनागरीची सोय, मानकांशी व आभा क्रमांकाशी जोडणी आणि संपूर्ण माहिती बाहेर काढण्याची सुविधा, या चार गोष्टी लेखी पडताळून घ्याव्यात.

४. एकट्या दवाखान्यास तंत्रज्ञ परवडत नाही. परिसरातील दहा-वीस दवाखान्यांनी मिळून, सहकाराच्या तत्त्वावर, एक जाणकार नेमावा. साखर कारखाने आणि दूधसंस्था उभारणाऱ्या या मुलखास सहकार नव्याने शिकवावयास नको.

५. सहा महिन्यांनी आढावा घ्यावा. किती नोंदी भरल्या, यापेक्षा किती वेळा जुनी नोंद पाहून उपचारात बदल झाला, हा प्रश्न विचारावा.

या पाचव्या प्रश्नातच विषयाचे सार आहे. नोंदी साठविणे हे साध्य नव्हे. दौंडच्या दवाखान्यात सातव्या महिन्यात आलेल्या त्या तरुणीकडे पाहताना डॉक्टरला शिरूरकडचे दोन आकडे दिसले पाहिजेत, एवढेच साधावयाचे आहे. वढूसारखे नोंदींचे विद्यापीठ ज्या तालुक्यात आहे, मानकांचे राष्ट्रीय केंद्र ज्या जिल्ह्यात आहे आणि कारखान्यापासून दूधसंस्थेपर्यंत ज्या मातीत सहकार रुजला आहे, तेथे साधनांची उणीव आहे असे म्हणवत नाही. आता आवश्यकता आहे ती गावच्या डॉक्टरांनी, परिचारिकांनी आणि सरकारी-खासगी संस्थांनी एकत्र बसून हे काम आपले म्हणून हाती घेण्याची.